सिस्टीम फाइल पुन्हा पुन्हा करप्ट होते तेव्हा

विंडोजची एखादी फाइल खराब झाली तर ती दुरुस्त करणं फारसं अवघड नसतं. खरी डोकेदुखी असते ती दुरुस्त केलेली फाइल महिन्याभरात परत खराब होते तेव्हा. स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट अर्ध्यात अडकून मागं फिरतं, सेटिंग्ज उघडताच बंद होतं, कधी थेट निळा पडदा येतो. कुणीतरी एसएफसी, म्हणजे विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवायला सांगतं. ते चालतं, फाइल दुरुस्त झाल्याचा निरोप येतो आणि थोड्या दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. मग मशीन दुकानात जातं, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून मिळतं, पोरांचे फोटो आणि टॅलीचा डेटा त्यात गेला तर गेला. आणि वळीव सुरू झाला की परत तेच.

सांगली-मिरज आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरच्या मशीनचं हे रडगाणं मी सारखं ऐकतो. त्यामुळे कुणी ‘विंडोज खराब झालंय’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न विंडोजबद्दल नसतो. यूपीएसची बॅटरी कधी बदलली, हे मी आधी विचारतो. फाइल आपोआप खराब होत नाही. लिहिता लिहिता लाइट गेली, डिस्कचा तेवढा तुकडा मेला, रॅमने चुकीचं वाचून दिलं, किंवा कुणीतरी बाहेरून विंडोजच्या पोटात हात घातला, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं. एसएफसी फाइल बदलून देतं. ती खराब करणारं कारण जागच्या जागीच राहतं. तेवढ्यावर थांबणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

सगळ्यात आधी डेटा

मशीन चालू होत असेल तर कुठलीही कमांड चालवायच्या आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, घराची कागदपत्रं स्कॅन करून ठेवली असतील तर ती, सगळं बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून घ्या. दुरुस्तीच्या सगळ्या कमांड डिस्कवर भरपूर वाचतात आणि लिहितात. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर त्या कष्टातच ती उडू शकते.

कॉपी करताना एखाद्या फोटोवर गाडी अडकून बसली किंवा सीपीयूच्या डब्यातून टिक-टिक आवाज यायला लागला, तर तिथंच थांबा. फाइलचा विषय संपला, आता डिस्कचा विषय आहे. अशा वेळी लोक हमखास चेकडिस्क ‘स्लॅश आर’ लावून झोपायला जातात. ती कमांड डिस्कचा एकूणएक सेक्टर, म्हणजे मजकूर साठवायचा छोटा कप्पा, वाचून काढते. चांगल्या डिस्कलाही त्यात काही तास लागतात आणि मरायला टेकलेली डिस्क त्यात मरते. डेटा हातात आल्याशिवाय ‘स्लॅश आर’ नको, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

डेटा निघाला की डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. उघडल्यावर डावीकडे एक चौकोन दिसतो: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे संपलं. पण नुसत्या रंगावर विसंबू नका. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर खालच्या यादीतल्या चार ओळी वाचा. ०५ म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे धड वाचता येत नाहीत आणि निकालाची वाट बघतायत असे. सी६ म्हणजे हात टेकलेले. सी७ वेगळी आहे, ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या केबलच्या चुका मोजते. हे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, दिसतात, त्यामुळे भलतेच वाटतात. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज दहाच्या पद्धतीत करून घ्या.

सी५ शून्याच्या वर असेल आणि आठवड्याभराने बघितल्यावर वाढलेली असेल, तर ती डिस्क विंडोजसाठी ठेवू नका. एसएफसीने आज दिलेली चांगली फाइल उद्या शेजारच्या मेलेल्या सेक्टरवर जाऊन पडेल. सी७ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका. आत सपाट सॅटा केबल असते, तिची पिन सैल झालेली असते किंवा केबलच आतून तुटलेली असते. ती अगदी स्वस्तात मिळते. केबलच्या दोषापायी चांगली डिस्क फेकून दिलेली घरं मला माहीत आहेत. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क, असेल तर तिथं आरोग्याची टक्केवारी आणि एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी असेल तर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ ही ओळ बघा. ती शून्यच असायला हवी.

मग कमांड, आणि क्रम उलटा नको

कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. साध्या खिडकीत या कमांड चालत नाहीत.

बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा एसएफसी सांगतात. माझं मत वेगळं आहे: विंडोज ८ आणि त्याच्या पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत आधी डीआयएसएम ही दुसरी दुरुस्तीची कमांड चालवा. कारण असं, की एसएफसी चांगली प्रत आणतं ती विंडोजच्या स्वतःच्या कोठारातून. हे कोठार म्हणजे सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधला विनएसएक्सएस. आणि सिस्टीम३२ मधल्या बऱ्याचशा फाइली या कोठारातल्या फाइलींच्या हार्ड लिंक असतात, म्हणजे नावं दोन आणि डिस्कवरचा मजकूर एकच. तो मजकूर खराब झाला की वापरातली फाइलही गेली आणि राखीव प्रतही गेली. मग एसएफसी सांगतं की खराब फाइल सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत, आणि माणूस तीच कमांड परत परत चालवत बसतो. कोठारच नासलं असेल तर त्यातून चांगलं निघणार कुठून?

याच हार्ड लिंकमुळे विनएसएक्सएस फोल्डर एक्सप्लोररमध्ये आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून कुणी त्यातल्या फाइली हाताने उडवल्या असतील तर तुमच्या आजाराचं मूळ तिथंच आहे. जागा करायची तर डिस्क क्लीनअप वापरा, त्यात विंडोज अपडेटचा जुना कचरा काढायची सोय आहे.

कोठार नीट करणारी कमांड अशी: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. क्लीनअप आणि इमेज यांच्यामध्ये छोटी आडवी रेघ, रिस्टोअरहेल्थ मात्र सलग. ही कमांड चांगल्या फाइली विंडोज अपडेटकडून आणते, म्हणून नेट चालू हवं. मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. आकडा वीस टक्क्यांवर किंवा साठीच्या पुढे जाऊन बराच वेळ हलत नाही. तो अडकला असं समजून खिडकी बंद करू नका, पुढं सरकतो.

ती पूर्ण झाली की मशीन रिस्टार्ट करा आणि मग एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. आता कोठार चांगलं असल्यामुळे पहिल्यांदा न सुधारलेल्या फाइली बहुतेक सुधारतात. ‘रिपेअर पेंडिंग आहे, रिस्टार्ट करा’ असा निरोप आला तर रिस्टार्टच करा, शट डाऊन करून परत चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि तोच परत उठतो. रिस्टार्टमध्ये तो खरोखर नव्याने सुरू होतो. दुरुस्तीची सेवाच चालू करता आली नाही असा निरोप असेल, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ डिसेबल तर केलेली नाही ना ते बघा. ‘मशीन फास्ट करा’ छापाची सॉफ्टवेअरं ती बंद करून ठेवतात.

कुठली फाइल गेली होती हे बघायची सवय मात्र लावून घ्या, पुढं कारण शोधताना ते कामाला येतं. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात लॉग्ज, त्यात सीबीएस असा फोल्डर आहे आणि त्यात त्याच नावाची लॉग फाइल. ती थेट उघडायला नकार देते, म्हणून आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, मग नोटपॅडमध्ये उघडून ‘एसआर’ असं चौकटी कंसात शोधा. त्या ओळींत फाइलींची नावं असतात. नावं वहीत उतरवून ठेवा, तारखेसकट. दर खेपेला तीच एक-दोन फाइल असेल तर संशय डिस्कवर किंवा एखाद्या सॉफ्टवेअरवर घ्यायचा. दर खेपेला वेगळीच नावं येत असतील तर रॅम आणि लाइट.

डीएलएल मिसिंग: बहुतेक वेळा हा विषयच वेगळा

‘व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल सापडत नाही’ किंवा ‘एमएसव्हीसीपी१४० नाही’ असा चौकोन आला की लोक एसएफसीकडे धावतात. डीएलएल म्हणजे अनेक सॉफ्टवेअर मिळून वापरतात ती मदतीची फाइल. ही विंडोजच्या मूळ संचातली फाइलच नाही. ती व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या वेगळ्या पॅकेजमधून येते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ते घ्या आणि ३२ बिट व ६४ बिट दोन्ही टाका, कारण ६४ बिट विंडोजवरही कितीतरी सॉफ्टवेअर ३२ बिटचीच असतात. जुन्या गेमना लागणाऱ्या ‘डी३डीएक्स९’ने सुरू होणाऱ्या फाइलींसाठी मायक्रोसॉफ्टचंच डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम आहे.

सुटी डीएलएल फाइल वाटणाऱ्या साइटवरून ती उतरवून सिस्टीम३२ मध्ये टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ती फाइल कुठल्या आवृत्तीची, कुणी हात लावलेली, काही कळत नाही. आणि ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ हा ६४ बिट फाइलींचा फोल्डर आहे, ३२ बिटच्या सिसवॉव६४ मध्ये असतात. नावावरून उलट वाटतं, म्हणून फाइल हमखास चुकीच्या घरात जाते.

एसएफसी फक्त मायक्रोसॉफ्टच्या संरक्षित फाइली तपासतं, ही त्याची मर्यादा मोठ्या प्रमाणावर सगळ्यांनी बघितली आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळ ठप्प झाले. विंडोजची एकही फाइल बिघडलेली नव्हती, त्यामुळे एसएफसीला तिथं सापडण्यासारखं काही नव्हतं. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढावी लागली. तुमच्याकडेही एसएफसी ‘सगळं ठीक’ म्हणत असेल आणि निळा पडदा येतच असेल, तर प्रिंटरचा, ग्राफिक्सचा किंवा अँटिव्हायरसचा ड्रायव्हर तपासा.

आता खरं कारण: लाइट

तासगावकडे मामांचं मळ्यातलं घर आहे. द्राक्षबागेचा हिशोब, औषध फवारणीच्या नोंदी, बेदाण्याची पट्टी, सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर. ते मशीन सारखं बिघडायचं आणि सारखं दुकानात जायचं. मामा वैतागले होते. ‘आरं, परवाच तर नीट करून आणलं हुतं. विंडोजच खराब येतंय म्हणत्यात.’

मी कमांडच्या आधी रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं तरी ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ म्हणून येतो. विंडोजमधलं हे पान फार कमी लोक उघडतात. दिवसवार रकाने असतात आणि ज्या दिवशी काही बिघडलं तिथं तांबडी फुली. मामांच्या मशीनवर एक आठवडा फुल्यांनी भरलेला होता आणि पुढचा आठवडा कोरा. परत एक भरलेला, परत एक कोरा. प्रत्येक फुलीवर क्लिक केलं की एकच ओळ: विंडोज नीट बंद झालं नव्हतं.

‘मामा, थ्री-फेज हल्ली कितीला येते?’

‘ह्या आठवड्यात रातची हाय. गेल्या आठवड्यात दिवसाची हुती.’

उत्तर तिथंच मिळालं. घर आणि आजूबाजूच्या विहिरी एकाच डीपीवर. थ्री-फेज आली की ऑटो-स्टार्टरवरच्या सगळ्या मोटारी एका दमात सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, डीपीवरचा व्होल्टेज तेवढ्यापुरता खाली बसतो, घरातली ट्यूब लुकलुकते आणि पुन्हा स्थिर होते. माणसाला एवढंच दिसतं. जुन्या एसएमपीएसला, म्हणजे डब्यातल्या वीज पुरवणाऱ्या भागाला, तेवढी बुडी सोसत नाही आणि मशीन पटकन रिस्टार्ट होतं. ज्या आठवड्यात थ्री-फेज रात्रीची, त्या आठवड्यात त्या वेळी मशीन बंदच असायचं, म्हणून तो आठवडा कोरा.

यूपीएस होता की. टेबलाखाली, हिरवा दिवा लागलेला. उघडून बघितलं तर आतली बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगून डब्याला घट्ट बसलेली, बाहेर काढायला दोघांनी हात लावावे लागले. घरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते. ती दोन ते चार वर्षं टिकते, उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत त्याहून कमी. ती मेली तरी मेन्सवर असेपर्यंत यूपीएस मशीन चालवत राहतो आणि दिवाही दाखवतो, त्यामुळे ती मेल्याचं कुणाला कळतच नाही. मामांकडे नवीन बॅटरी बसवली, डीआयएसएम आणि एसएफसी चालवलं, आणि त्या फुल्या थांबल्या. त्यांना विंडोज परत टाकावं लागलं नाही.

तुमच्या यूपीएसची परीक्षा कॉम्प्युटरवर घेऊ नका. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब होल्डर-वायरसकट यूपीएसला लावा आणि यूपीएसची पिन भिंतीच्या बोर्डातून काढा. बल्ब दहा मिनिटं तरी न लुकलुकता जळायला हवा. लगेच विझला तर बॅटरी बदला, अख्खा यूपीएस बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. लेसर प्रिंटर यूपीएसवर लावला असेल तर आजच काढा. गरम होताना तो एवढा करंट ओढतो की छोटा यूपीएस त्याच क्षणी बसतो.

घराला इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस घेतला नाही, असं सांगलीत बऱ्याच फ्लॅटमध्ये दिसतं. चालतं, पण इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको अशा दोन मोडचं बटण असतं ते बघा. पंखे-दिव्यांसाठी ठेवलेल्या नॉर्मल मोडमध्ये मेन्सवरून बॅटरीवर जायला लागणारा वेळ कॉम्प्युटरला परवडत नाही. ते यूपीएस मोडवरच हवं. आणि डब्याला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग गेलेलं आहे. वायरमन बोलवा, हा केवळ फाइलींचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

अचानक लाइट जाण्याने फाइल का बिघडते, हेही थोडं सांगतो. विंडोजने डिस्कवर लिहायला दिलेला मजकूर लगेच तबकडीवर किंवा चिपवर जात नाही, काही काळ तो डिस्कच्या कॅशमध्ये असतो. त्याच क्षणी वीज गेली की तो हवेत विरतो. एनटीएफएस ही फाइल व्यवस्था फोल्डरांची रचना, फाइलींची नावं आणि जागा यांची नोंदवही ठेवते, त्यामुळे रचना सावरते. फाइलच्या आतल्या मजकुराची तशी नोंद नसते. म्हणून फाइल जागेवर दिसते, नाव बरोबर, आकार बरोबर, आणि आत अर्धवट काहीतरी. अपडेट चालू असताना लाइट जाणं सगळ्यात वाईट, कारण त्या वेळी कोठारातच लिहिणं चाललेलं असतं. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, संध्याकाळी ढग दाटले की अपडेट पॉज करून ठेवा आणि सकाळी करा.

अजून एक सवय मोडा. पडदा काळा झाला की लगेच बोर्डाचं बटण बंद करणं. शट डाऊन दिल्यावर पडदा आधी काळा होतो आणि डिस्कवरचं लिहिणं त्यानंतरही चालू असतं. डब्याचा पंखा थांबेपर्यंत थांबा. ‘लाइट बिल वाढतं’ म्हणून आजोबा घाईने बटण बंद करत असतील तर त्यांना हे कारण नीट सांगा, ऐकतात.

रॅम

लाइट ठीक, डिस्क निळी, आणि तरीही दर वेळी वेगवेगळ्या फाइली खराब. मोठी झिप उघडताना एकदा सीआरसी एरर, म्हणजे मजकूर जुळत नसल्याचा निरोप, येतो आणि तीच झिप दुसऱ्यांदा नीट उघडते. हा रॅमचा खेळ आहे. कधी कधी तर फाइल चांगलीच असते, वाचताना चुकीची वाचली जाते आणि एसएफसी उगाच ती बदलायला जातं. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा आणि रात्री चालवून ठेवा. त्यात काही सापडलं नाही तरी संशय असेल तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा, ते जास्त कसून तपासतं. एकही चूक निघाली तरी ती खरी समजा.

लगेच नवीन रॅम विकत घेऊ नका. नदीकाठच्या घरांत, विशेषतः २०१९ आणि २०२१ च्या पुरात जी मशीन माडीवर हलवून कित्येक दिवस बंद, दमट खोलीत पडून होती, त्यांच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढलेला मी बघितलाय. पिन काढून, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवून, रॅम काढा. पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, चुरा झटका, क्लिक आवाज येईपर्यंत परत बसवा आणि चाचणी पुन्हा घ्या. दोन रॅम असतील तर एकेक लावून तपासा. पुराचं पाणी प्रत्यक्ष आत गेलेल्या डिस्कला मात्र घरी चालू करूनही बघू नका. आत गाळ असतो.

क्रॅक आणि ‘लाइट’ विंडोज

असेंबल्ड मशीनवर लायसन्स नसलेलं विंडोज टाकून देणं सर्रास चालतं. त्यात दोन गोष्टी होतात. अॅक्टिव्हेशन फसवणारं सॉफ्टवेअर सिस्टीम फाइलींत बदल करतं, एसएफसी त्या मूळपदावर आणतं, ते सॉफ्टवेअर परत बदलतं, आणि हे चक्र चालूच राहतं. दुसरं म्हणजे काटछाट करून हलकं केलेलं विंडोज. त्यातून कोठाराचेच भाग काढून टाकलेले असतात. मग डीआयएसएम ‘सोर्स फाइल सापडल्या नाहीत’ म्हणत ०एक्स८००एफ०८१एफ हा एरर देतं. अशा विंडोजला दुरुस्ती नाही. डेटा काढा आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं, स्वतःच्या लायसन्सचं विंडोज टाका. हे खर्चाचं आहे, मला कल्पना आहे. पण ज्या मशीनवरून घरची नेटबँकिंग चालते तिथं कुणी कुठून आणलेलं विंडोज असणं मला बघवत नाही.

लायसन्सचं विंडोज असूनही तोच एरर आला तर आयएसओमधून, म्हणजे विंडोजची अख्खी इन्स्टॉल डिस्क असलेल्या एका फाइलमधून, सोर्स दाखवून डीआयएसएम चालवायची रीत आहे. घरच्या माणसाने तिच्या नादी लागू नये असं माझं मत आहे, आवृत्तीचा एक आकडा चुकला तरी ती चालत नाही. त्यापेक्षा रिपेअर इन्स्टॉल करा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथं ‘फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट’ म्हणून बटण आहे. ते तुमच्या फाइली आणि सॉफ्टवेअर न हलवता विंडोज परत बसवतं. विंडोज १० वर मायक्रोसॉफ्टचा आयएसओ उतरवून, तो डबल क्लिकने उघडून, चालू विंडोजमधूनच सेटअप चालवा. ‘पर्सनल फाइल्स आणि अॅप्स ठेवा’ हा पर्याय निवडता आला पाहिजे. तो पुसट दिसत असेल तर पुढं जाऊ नका. आवृत्ती किंवा भाषा जुळलेली नाही. आपल्याकडे इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि इंग्लिश इंटरनॅशनल असे दोन्ही प्रकार आढळतात आणि घोळ बहुतेक वेळा तिथंच असतो. डीआयएसएम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश गेट-आयएनटीएल या कमांडने तुमच्या विंडोजची मूळ भाषा कळते.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० लाच. विंडोज ७ वर वर सांगितलेली रिस्टोअरहेल्थ कमांड मुळात नाहीच.

मशीन सुरूच होत नसेल तर

सुरू होताना दोन-तीनदा अडकलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या पानावर जातं. तिथं ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. इथं साधं स्कॅननाऊ चालत नाही, बाहेरून कुठलं विंडोज तपासायचं ते सांगावं लागतं: एसएफसी, स्लॅश स्कॅननाऊ, स्लॅश ऑफबूटडीर बरोबर सी कोलन बॅकस्लॅश, स्लॅश ऑफविनडीर बरोबर सी कोलन बॅकस्लॅश विंडोज. ‘बरोबर’ म्हणजे बरोबरचं चिन्ह, आणि प्रत्येक स्लॅशच्या आधी स्पेस. त्या पानावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथं डी असतो. आधी डीआयआर, स्पेस, सी कोलन असं करून विंडोज आणि यूजर्स हे फोल्डर तिथं दिसतात का बघा, नाहीतर डी बघा.

ते पानही येत नसेल तर विंडोजचा पेनड्राइव्ह लागतो, आणि तो बंद पडलेल्या मशीनवर बनत नाही. मशीन चांगलं असतानाच ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवून ठेवा, त्यातलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवून.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक काम राहतं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आधीपासूनच बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते आणि दुरुस्तीच्या पानावर गेलं की ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क चांगली, फाइली चांगल्या, आणि डेटा तरीही मिळत नाही. लॅपटॉप सुरू करून देताना जे मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकलं होतं, त्यात ही की सहसा जतन झालेली असते. पण दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलवर अकाउंट काढून दिलं असेल तर की त्याच्याकडे राहते. आजच लॉगिन करून बघा, ते ४८ आकडे कागदावर उतरवा आणि तो कागद घरातल्या पासबुकांबरोबर ठेवा.